सातपूरच्या बंद प्लेटिंग गाळ्यातील घातक रसायनांची उचल : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील प्लेटिंगचा हा गाळा आज सकाळी दोन पंचांच्या समक्ष उघडण्यात आला. मोटारींच्या सुट्या भागांवर जस्त, तांबे, निकेल आणि क्रोमचा मुलामा देण्याचे जॉबवर्क येथे चालत असे. पुढे काम बंद पडले, वीज तोडली गेली, कामगार पांगले आणि मालक दिलेल्या पत्त्यावर सापडेनासा झाला; रसायने मात्र जिथे होती तिथेच राहिली. वसुलीची कारवाई चालू असल्यामुळे कारखान्याचे नाव आणि भूखंडाचा क्रमांक या नोंदींत लिहिणार नाही. पावसाळ्यानंतर शेजारच्या गाळ्याच्या सामायिक भिंतीवर हळदीच्या रंगाचे पोपडे दिसू लागले, तेथील कामगारांनी ते कळवले आणि त्यावरून ही पाहणी झाली.

दार उघडल्यावर लगेच कोणी आत गेले नाही. समोरासमोरची दोन्ही शटर वर करून अर्धा तास वारा खेळू दिला, वायूमापक मीटर लांब काठीला बांधून आत फिरवला आणि त्यानंतरच मुखवटे लावून दोघे जण शिरलो. आत नऊ टाक्या आहेत. लहानमोठी पिंपे आणि कॅन मिळून ११८ नग मोजले. त्यांपैकी ४१ नगांवरचे लेबल वाचता येते. उरलेल्यांवरचे ॲसिडच्या वाफेने खाल्ले आहे, सोलून निघाले आहे किंवा मुळात नव्हतेच, कारण पिंप एका मालाचे आणि आत भरलेला माल दुसराच, हा प्रकार अशा गाळ्यांत सर्रास होतो. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या कोपऱ्यात गाळाची पोती फुटून पडली आहेत. पत्रा तीन ठिकाणी गळतो आणि त्यांतली एक गळती बरोबर क्रोमच्या टाकीवर आहे.

पंचनामा पूर्ण केला, गाळ्याला सील केले आणि दोन पाळ्यांत पहारा बसवला.

७ जानेवारी

कालच्या मोजदादीतील सर्वांत चिंतेची बाब वेगळी लिहून ठेवतो. पिकलिंगसाठी, म्हणजे धातूवरचा गंज काढण्यासाठी, वापरायच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन आणि सायनाइडची पोलादी पिंपे यांच्यात जेमतेम चार पावलांचे अंतर आहे. सोडियम सायनाइड आणि ॲसिड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) झाले तरी ती जागा जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. कडू बदामासारखा वास येतो असे सांगतात, परंतु कित्येक माणसांना तो वास मुळातच कळत नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवून येथे कोणीही काम करायचे नाही. शिवाय ॲसिड सांडायलाच हवे असेही नाही; झाकण गंजून उघडे पडलेल्या पिंपात दमट हवेतील कार्बन डायऑक्साइडसुद्धा हे काम सावकाश करत राहतो.

नाशिकची थंडी या कामी आमच्या बाजूने आहे. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. आज सकाळी सात वाजता गाळ्यातील तापमान ११ अंश होते आणि दुपारी दोन वाजता पत्र्याखाली ते ३१ अंशांवर गेले. म्हणून आत शिरून करायचे प्रत्येक काम सकाळी सात ते अकरा या वेळेतच होईल, आणि सायनाइडची उचल थंडी सरण्यापूर्वी संपवली जाईल. हे ठरवताना बैठकीत थोडा वाद झाला, कारण कंत्राटदाराला दिवसाचे आठ तास हवे होते. वाद मी लांबवला नाही, कारण यात तडजोडीला जागाच नव्हती.

कामाचा क्रमही आजच ठरला. क्रोमवरील प्रक्रिया ॲसिडिक पाण्यात होते आणि सायनाइडवरील प्रक्रिया अल्कधर्मी पाण्यात. त्यामुळे आवारात सायनाइडचा एकही नग किंवा थेंब शिल्लक असेपर्यंत क्रोमच्या टाकीला हात लावायचा नाही. भिंत पिवळी झाल्यामुळे सगळ्यांची नजर क्रोमकडे आहे आणि तेच आधी काढा अशी शेजाऱ्यांची मागणी आहे. ती समजण्यासारखी असली तरी मान्य करता येणार नाही, हे त्यांना त्यांच्या गाळ्यात जाऊन समजावून सांगितले.

९ जानेवारी

तयारीचा दिवस. अग्निशमन दलाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवले. जिल्हा रुग्णालयाशी बोलून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट या उताऱ्याच्या औषधांची उपलब्धता खात्रीने विचारून घेतली. काम सुरू असेपर्यंत रुग्णवाहिका दाराशी उभी राहील. सायनाइडची बाधा झालेल्याला तोंडाने श्वास द्यायचा नाही, हे सर्व मजुरांकडून तीन-तीनदा म्हणवून घेतले, कारण धावून जाणारा माणूस नेमकी तीच चूक करतो.

१२ जानेवारी

आज या प्रकल्पाला सर्वांत मोठी मदत मिळाली. या गाळ्यात वीसहून अधिक वर्षे टाक्यांवर काम केलेले एक गृहस्थ पहारेकऱ्याकडे चौकशी करत आले होते. त्यांचे नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणू लागलो आहोत. त्यांना आत नेले नाही. दाराबाहेर खुर्ची मांडून टाक्यांची छायाचित्रे त्यांच्यासमोर ठेवली आणि एकेक टाकी विचारत गेलो.

हिरवे पाणी निकेलचे आणि काळसर तांबडे क्रोमचे, एवढे आम्हीही ओळखले होते. मामांनी चौथ्या टाकीच्या छायाचित्रावर बोट ठेवले. “साहेब, ही पाण्यासारखी दिसते ना, हिलाच जपा. बाकीच्या रंगानं सांगतात, ही सांगत नाही. तांब्याची सायनाइडची आहे ही.” आमच्या यादीत त्या टाकीपुढे ‘बहुधा धुण्याचे पाणी’ असे लिहिलेले होते. ती नोंद माझ्याच हाताची आहे आणि ती चुकीची होती, हे येथे नमूद करतो. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे निळ्या कॅनमध्ये ॲसिड येत असे, पण रिकामे झाल्यावर त्यांतच सायनाइडचे जुने द्रावण भरून ठेवत. दुसरी म्हणजे सायनाइडच्या पांढऱ्या वड्यांचे एक अर्धे पिंप पोटमाळ्यावर ठेवलेले असायचे. पोटमाळा आमच्या पाहणीत आलाच नव्हता.

मामांच्या मनगटांवर आणि बोटांच्या पेरांवर गोल, खोल खुणा आहेत. क्रोमच्या टाकीवर हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्यांना अशा जखमा होतात. नाकाच्या आतला पडदाही झिजून त्याला भोक पडते. त्यांच्या नाकाला तसे भोक आहे, आणि ते त्यांनी दम्याचा त्रास सांगावा इतक्या सहज सांगितले. षट्संयोजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या टाकीत असते त्या रूपातील क्रोमियमची, संयुगे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतात. त्यांच्यासह जे जुने कामगार सापडतील त्या सर्वांची छातीची व नाक-घशाची तपासणी व्हावी, असे पत्र आजच तयार केले. हे काम रसायनांच्या उचलीच्या कक्षेत येत नाही असे कोणी म्हटल्यास त्याचे उत्तर त्याच पत्रात लिहून ठेवले आहे.

१३ ते १७ जानेवारी

संक्रांतीची एक सुट्टी वगळता चार दिवस प्रत्येक नगाची चाचणी चालली. पद्धत साधी पण वेळखाऊ आहे. नग उघडायचा, बाजूला मीटर धरायचा, काचेच्या नळीने चमचाभर नमुना घ्यायचा, तो ॲसिडिक की अल्कधर्मी ते दाखवणारी पीएचची पट्टी लावायची, पोटॅशियम आयोडाइड व स्टार्चच्या कागदाने तो ऑक्सिडीकारक आहे का ते पाहायचे, मग सायनाइडची आणि क्रोमची रंगचाचणी करायची आणि त्यानंतरच नगावर खडूने गट लिहायचा. मामांनी सांगितलेल्या निळ्या कॅनपैकी सहांमध्ये खरोखरच सायनाइडचे द्रावण निघाले. बाहेरून त्यांच्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडची अक्षरे अजून पुसट दिसतात. पोटमाळ्यावरचे पिंपही सापडले. त्याचे झाकण शाबूत होते.

एका मजुराने सांडलेल्या क्रोमिक ॲसिडवर (क्रोमच्या टाकीतील द्रावणावर) टाकण्यासाठी लाकडाचा भुसा आणून ठेवला होता. तो लगेच बाहेर काढला. क्रोमिक ॲसिड तीव्र ऑक्सिडीकारक असल्यामुळे भुशाला, चिंध्यांना किंवा तेलकट सुतळीला त्याच्या संपर्काने आग लागू शकते. शोषून घेण्यासाठी केवळ कोरडी वाळू वापरली जाईल.

१९ जानेवारी

सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी मीटरने इशारा दिला. इशाऱ्याची पातळी ४.७ पीपीएमवर लावलेली आहे आणि आकडा ९ पर्यंत चढला. सर्व पाच जण दोन मिनिटांच्या आत बाहेर आले, कोणालाही बाधा झाली नाही, तरीही पाचही जणांना डॉक्टरांकडे पाठवले.

कारण शोधायला दोन तास लागले. फरशीच्या मधोमध एक उघडे गटार आहे. पिकलिंगच्या बाजूचा ॲसिडचा उतार त्यात येतो, आणि सायनाइडच्या टाक्यांखालून येणारा सिमेंटचा पाइपही, जो गाळाने बुजल्यामुळे दिसत नव्हता, पुढे त्यातच उतरतो. आज एका मजुराने बूट धुण्यासाठी अर्धी बादली पाणी ओतले. त्या पाण्याने ॲसिडकडचा सुकलेला थर विरघळला, तो वाहत पाइपाच्या तोंडाशी गेला आणि तेथील गाळाला लागला. अर्ध्या बादलीने एवढे झाले. अग्निशमन दलाने फरशी धुऊन देण्याची तयारी सद्भावनेने दाखवली होती आणि उद्या त्यांचा बंब येणार होता. तो धुण्यासाठी आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी दिवसभर करत आहे.

चालू कारखान्यात ॲसिडचे आणि सायनाइडचे सांडपाणी पहिल्या थेंबापासून वेगळ्या वाहिन्यांतून न्यायचे असते. प्लेटिंगच्या धंद्यात हा नियम सर्वांना तोंडपाठ आहे. येथे तो पाइप कोणीतरी गवंडी लावून मुद्दाम गटाराला जोडला आहे. त्याचे तोंड छायाचित्रांसह पंचनाम्यात घेतले.

निर्णय असे झाले : गाळ्यात पाण्याचा वापर पूर्ण बंद, हातपाय व बूट धुण्याची सोय आवाराबाहेर, गटारावर सोडा ॲश आणि चुनकळीची भुकटी कोरडीच पसरून तेथील पीएच प्रथम ११ च्या आसपास न्यायचा, तोवर आत प्रवेश नाही.

२३ जानेवारी

गटाराच्या गाळाचा पीएच तीन दिवस सलग ११ च्या वर राहिला आणि मीटर शून्यावर आहे. काम पुन्हा सुरू केले.

गटारातील आणि धुण्याच्या टाकीतील पातळ सायनाइड जागेवरच मोडायचे आणि टाकीतील घट्ट द्रावण व वड्या बाहेर पाठवायच्या, असे ठरले. मोडण्याची रीत म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचचे द्रावण. पीएच १० च्या वर ठेवला तर सायनाइडचे सायनेट (त्याहून बरेच कमी विषारी संयुग) होते, आणि नंतर पीएच साडेआठच्या सुमारास आणून आणखी हायपोक्लोराइट दिले की त्याचे नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड होतात. पहिल्या टप्प्यात पीएच घसरला तर सायनोजन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू सुटतो, म्हणून पट्टीवर विसंबलो नाही. दोन पीएच मीटर लावले आणि दर दहा मिनिटांनी दोन्हींचे आकडे वहीत घेतले. एक किलो सायनाइड पूर्ण मोडायला हिशोबाने ६.८ किलो क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात त्याहून अधिक. घट्ट द्रावणावर हा प्रयोग का केला नाही याचे कारणही हेच : उष्णता फार सुटते आणि हायपोक्लोराइटचे टँकरच्या टँकर लागले असते.

पहिल्या दिवशी प्रक्रिया झालेल्या पाण्यात थोडे सायनाइड शिल्लक दाखवले. लोखंड आणि निकेलशी जोडलेले सायनाइड क्लोरीनला सहज दाद देत नाही, आणि गटारात दोन्ही धातू होते. ते पाणी सोडून न देता पिंपात भरून उचलीच्या यादीत घातले.

२९ जानेवारी

सायनाइडची पहिली गाडी आज पहाटे रवाना झाली. माल पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे जातो. धोकादायक व इतर कचरा नियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक नगावर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांची पट्टी लावली, चालकाकडे आपत्कालीन सूचनांचे कार्ड दिले आणि नमुना १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र, सात प्रतींत भरले. पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला गेली, पिवळी आमच्याकडे राहिली, उरलेल्या पाच गाडीबरोबर गेल्या. माल पोचल्यावर केंद्राकडून निळी प्रत आमच्याकडे परत येईल, आणि ती येईपर्यंत माल आमच्याच नावावर आहे असे मी समजतो. सिन्नरचा, संगमनेरचा आणि नारायणगावचा टप्पा ओलांडताना चालकाने फोन करायचा असे ठरले होते. त्याने तिन्ही ठिकाणांहून केला. या गाडीत ॲसिडचा एकही कॅन नाही. जागा शिल्लक असल्यामुळे दोन कॅन टाकून फेरी वाचवावी अशी सूचना आली होती, ती नाकारली.

४ फेब्रुवारी

सायनाइडची तिसरी व शेवटची गाडी गेली. टाक्यांचे तळ, पोटमाळा, पाइप आणि गटार यांतील नमुने पुन्हा तपासले, सर्व निरंक आले. ७ जानेवारीच्या ठरावाप्रमाणे क्रोमचे काम उद्यापासून सुरू करता येईल.

१० फेब्रुवारी

क्रोमची टाकी उपसून पिंपांत भरली. अडचण टाकीखालची निघाली. टाकीचे अस्तर तळाशी फाटलेले आहे, त्याखालचे काँक्रीट वीतभर खोलीपर्यंत नारिंगी झाले आहे आणि खाली मुरूमही पिवळा लागला. पत्र्याची गळती बरोबर वर असल्याने दर पावसात टाकी भरत गेली आणि काठावरून व तळातून पाझरत गेली असावी.

षट्संयोजी क्रोमियम पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालते. त्याचे त्रिसंयोजी रूप केले की ते बहुतांशी जागच्या जागी बसते. म्हणून खरवडलेल्या काँक्रीटवर फेरस सल्फेटचे द्रावण मोजून फवारले. पिवळा रंग डोळ्यांदेखत मावळून मळकट हिरवा होतो, आणि मजुरांना ते पाहून समाधान वाटते, मलाही वाटले. परंतु रंग गेला म्हणजे काम झाले असे धरता येत नाही. खरवडलेला सर्व ढिगारा विल्हेवाटीलाच जाईल, आणि लीचिंग चाचणीत, म्हणजे ढिगाऱ्यातून द्रवात काय झिरपते ते पाहणाऱ्या चाचणीत, त्यातून निघणारे क्रोमियम लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगेल.

नाशिकच्या जमिनीखाली बेसॉल्टचा कातळ आहे. तो अखंड असता तर पाणी वरच अडले असते, पण त्याच्या फटींतून ते कोठे वळते हे वरून दिसत नाही. गाळ्यापासून नंदिनी नदीकडे, म्हणजे जिला सातपूरचे जुने लोक अजून नासर्डी म्हणतात तिच्याकडे, जमीन उतरती आहे. त्या उतारावरील चार बोअरवेलचे नमुने घेतले.

१८ फेब्रुवारी

निकाल आले. तीन बोअर निर्दोष आहेत. गाळ्याला सर्वांत जवळच्या बोअरमध्ये एकूण क्रोमियम लिटरला ०.२१ मिलिग्रॅम आढळले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ०.०५ आहे. त्या बोअरवर भाड्याच्या खोल्यांतील आठ कुटुंबे अवलंबून आहेत. पिण्यासाठी ती नळाचे, म्हणजे गंगापूर धरणाचे पाणी वापरतात असे सर्वांनी सांगितले, पण नळाला पाणी नसलेल्या दिवशी काय करता हे एकेका घरात स्वतंत्रपणे विचारल्यावर दोन घरांतल्या बायकांनी बोअरचेच पाणी उकळून पितो असे सांगितले. उकळल्याने जंतू मरतात, क्रोमियम जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. बोअरचा पंप आजच काढून घेतला आणि तोंड सीलबंद केले. टँकर उद्यापासून येईल. एका आजींनी “इतकी वर्षं पितोय, आता काय होणार” असे म्हटले. त्यांना मी घाईने काही सांगितले नाही. तपासणीच्या यादीत या आठही घरांची नावे घातली.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. संशयित स्थळाची नोंद, प्राथमिक पाहणी, सविस्तर सर्वेक्षण आणि शुद्धीकरणाचा आराखडा असे टप्पे त्यात बांधून दिलेले आहेत. पिंपे उचलण्याचे आमचे काम संपत आले, तरी मुरूम आणि भूजल यांचे काम त्या नियमांखाली आता सुरू व्हावे लागेल, असा अहवाल जिल्हा प्रशासनाला दिला.

२५ फेब्रुवारी

खर्चाची बैठक. आजवरचा सर्व खर्च सार्वजनिक पैशातून झाला आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी प्रकरणात १९९६ साली स्पष्ट शब्दांत मांडले, आणि १९७४ च्या जल कायद्यातही असा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करण्याची वाट आहे. भूखंड बँकेकडे तारण आहे. भूखंडाची विक्री झाल्यास तिच्या रकमेवर शुद्धीकरणाच्या खर्चाचा बोजा आधी चढावा आणि घेणाऱ्याला जमिनीखालच्या क्रोमची माहिती लेखी मिळावी, या दोन मागण्या मी बैठकीत मांडल्या आणि इतिवृत्तात घालून घेतल्या.

काम इतक्या घाईने का केले, असा प्रश्न एका अधिकाऱ्यांनी विचारला. भोपाळच्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरकडे निघाला, एवढेच मी सांगितले.

६ मार्च

ॲसिड, निकेलचे द्रावण, क्रोम, गाळाची पोती, खरवडलेले काँक्रीट आणि शेवटी रिकामी पिंपे, असे सर्व गेले. रिकामी पिंपेही नियमांप्रमाणे धोकादायक कचराच असतात. ती भंगारात गेली असती तर कोणाच्या तरी घरी पाणी साठवायला लागली असती, म्हणून त्यांची संख्या मी स्वतः दोनदा मोजली.

दुपारी पत्र्याखाली ३८ अंश होते. पत्र्याची तिन्ही गळकी ठिकाणे बुजवली आणि खणलेल्या खड्ड्यावर जाड ताडपत्री अंथरून कडेने बांध घातला.

१६ मार्च

शेवटच्या गाडीची निळी प्रत आज टपालाने आली. ती धरून सर्व निळ्या प्रती पिवळ्या प्रतींशी ताडून पाहिल्या; नगांची संख्या व वजने जुळतात. मामांची आणि आणखी चार कामगारांची तपासणी झाली असून अहवाल यायचे आहेत. बंद केलेल्या बोअरचा आणि खालच्या तीन बोअरचा पुढील नमुना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतरचा पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांत घेतला जाईल. टँकर तोवर चालू राहील.